ब्लॉकची लांबी ठरवण्याआधी

पणजीहून मांडवीपलीकडे बेतीला रेडिओवरून मोजमापे पाठवण्याचा तुमचा बेत चांगला आहे. परंतु ब्लॉकची, म्हणजे चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून एकत्र बांधलेल्या बिटांच्या गटाची, लांबी ठरवण्याआधी वाटेतल्या चुका सुट्या येतात की सलग, हे पाहून घ्यावे. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांचा १९५० चा चूक-दुरुस्ती कोड ४ बिटांना ३ तपासणी-बिट (चूक शोधण्यासाठीचे जादा बिट) जोडतो आणि ७ बिटांच्या ब्लॉकमध्ये एकच चूक दुरुस्त करतो, त्यामुळे मृगाच्या तोंडावरच्या विजांनी सलग दहा-वीस बिट बिघडवले की तो हतबल होतो. रीड-सॉलोमन या बाइटांवर चालणाऱ्या दुसऱ्या कोडच्या २५५ बाइटांच्या ब्लॉकमध्ये २२३ बाइट माहितीचे व ३२ तपासणीचे ठेवले, तर कोणतेही १६ बाइट बिघडले तरी मूळ माहिती परत मिळते. असे ५ ब्लॉक बाइटागणिक एकमेकांत गुंफून (प्रत्येकाचा एकेक बाइट आळीपाळीने) पाठवल्यास सलग ८० बाइटांची हानीही भरून निघते, मात्र पाचही हाती येईपर्यंत थांबावे लागते.

शेवटचा ब्लॉक बहुधा अपुराच भरतो, आणि नवशिके (मीही त्यांतलाच होतो) तिथे फसतात. माहितीचे १०० बाइट उरले, तर त्यांच्याआधी १२३ शून्ये आहेत असे मानून तपासणी-बाइट काढावेत, प्रत्यक्षात १३२ बाइटच पाठवावेत आणि एकूण लांबी पहिल्या पूर्ण ब्लॉकमध्येच नोंदवावी, म्हणजे पलीकडचा संगणक तेवढीच शून्ये परत घालू शकेल.