आधी समोर बस, मग बोल

अगं, इंग्लंडात नवीन आहेस, इंग्रजी अडखळतं, म्हणून केअरच्या कामाला घाबरू नकोस. केअर सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे या कामात नव्याने येणाऱ्यांच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात, संवादाचं स्टँडर्ड सहावं आहे. कागदावर ते एकदाच पूर्ण होतं, माणसासमोर रोज करावं लागतं.

माझ्याकडच्या नव्वदीतल्या एक बाई रोज अंघोळीला नाही म्हणायच्या. नोंदीत आम्ही सगळे ‘नकार दिला’ एवढंच लिहायचो, मीसुद्धा. मग कळलं, श्रवणयंत्राची बॅटरीच संपली होती! कुणीतरी दारातून पुटपुटतं आणि एकदम अंगावरचं पांघरूण ओढतं, एवढंच त्यांना कळत असणार. किती भीती वाटली असेल. बॅटरी बदलली, पलंगाशी खाली बसले, माझ्या तोंडावर उजेड पडेल अशी. दोन ब्लाउज समोर धरले. त्यांनी निळ्यावर बोट ठेवलं.

विचारल्यावर थांबत जा. डिमेन्शियात, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती कमी होत जाते त्या आजारात, उत्तर यायला वेळ लागतो. घाईने दुसरा प्रश्न टाकलास की पहिला हरवतो. २००५चा मेंटल कपॅसिटी ॲक्टही सांगतो, शक्य ती सगळी मदत करून पाहिल्याशिवाय कुणाला निर्णय घेता येत नाही असं धरायचं नाही.

हाक कशी मारू, हेही त्यांनाच विचार. आपलं ‘आजी’ इथे काहींना खुपतं.

त्या बाईंच्या मुलीचा फोन आला आणि बाईंची हरकत नसेल, तर नुसतं ‘ठीक आहेत’ म्हणू नकोस. आज निळा ब्लाउज निवडला, टोस्ट अर्धा खाल्ला, असं सांग.