ओ रक्तगट आणि वाढलेला एफएसएच: आधी पाळीचा दिवस बघा

वय 33, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, एफएसएच (बीज वाढवणारं हार्मोन, बीजांचा साठा कमी झाला की चढतं) 11.8, आणि 'ओ गटाच्या बायकांची बीजं लवकर संपतात' हे वाचल्यापासून झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. ही धास्ती माझ्या चांगलीच ओळखीची, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही. उपचारांचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

रक्तगटाची गोष्ट 2010 सालची. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय परिषदेत साडेपाचशेच्या आसपास बायकांचा अभ्यास मांडला गेला. त्यात ओ गटात एफएसएच 10 च्या वर असण्याची शक्यता साधारण दुप्पट दिसली. पण त्या सगळ्या उपचारांसाठी आलेल्या होत्या, आणि तिथे मोजला तो एफएसएच. दिवस राहिले की नाही, हे नव्हे. पुढच्या अभ्यासांत कुणाला संबंध सापडलाच नाही, कुणाला भलताच सापडला. रक्तगट बघून कुणीही उपचार ठरवत नाही. तो विषय सोडा.

खरा घोळ दुसरीकडे आहे. तुमचं रक्त पाळीच्या कितव्या दिवशी घेतलं, हे पोस्टमध्ये नाहीच! एफएसएच दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच द्यायचा, आणि पहिला दिवस म्हणजे नीट अंगावर जायला लागलं तो. आदल्या दिवशीचे डाग धरायचे नाहीत. बीज सुटायच्या सुमारास एफएसएच आपसूक उसळतो, तेव्हाच्या 11.8 ला काही अर्थ नाही.

त्याच नळीतून इस्ट्राडिओलही (अंडाशयातून येणारं हार्मोन) करून घ्या. हे मी हट्टाने सांगतेय, कारण मला सगळ्यात महाग पडली ती एक लॅब. दिवस विचारला नाही, इस्ट्राडिओल 'चिठ्ठीवर नाही' म्हणून लावलं नाही, आणि नुसत्या एफएसएचवर 'नॉर्मल' छापून दिलं. इस्ट्राडिओल तिसऱ्या दिवशीच 80 पिकोग्रॅमच्या वर असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं. आकडा 7 दिसतो, बाई निर्धास्त होते, आणि हातातला वेळ निघून जातो. पाळीचा दिवस न छापणाऱ्या रिपोर्टचे पैसे का घ्यावेत, हे मला अजून कळलेलं नाही.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधीच सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर त्यामुळे एफएसएच खोटा कमी आणि इस्ट्राडिओल खोटं जास्त येतं.

एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) कुठल्याही दिवशी चालतो, पण गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तो कमी दिसतो. जोडीला आतून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतली छोटी फॉलिकल (बीजांच्या पिशव्या) मोजून घ्या. हे सगळे आकडे बीजांच्या संख्येचे. दर्जा वयावर जातो. 2017 मध्ये 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांचा अभ्यास आला होता. कमी एएमएचवाल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहायला अडचण जास्त दिसली नाही. म्हणून एका आकड्यावरून थेट आयव्हीएफकडे ढकलणाऱ्यांपासून, माझं मत विचाराल तर, चार हात लांबच राहा. मात्र पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून झाले असतील तर थांबू नका. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात उरका, ती सगळ्यात सोपी.

रक्तगट महत्त्वाचा ठरतो तो आरएचमुळे (गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह), तोही दिवस राहिल्यावर. तुम्ही पॉझिटिव्ह आहात, तुम्हाला ही चिंता नाही. हे वाचणारी कुणी निगेटिव्ह असेल आणि नवरा पॉझिटिव्ह, तर 28 व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन), आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांत पुन्हा. गर्भपात झाला, गर्भ नळीत राहिला किंवा पोटाला मार लागला, तरी त्याच दिवशी विचारायचं. शरीरात या अँटीबॉडी एकदा तयार झाल्या की इंजेक्शनचा उपयोग नसतो. अँटी-डी घेतल्यावर काही आठवडे इनडायरेक्ट कूम्ब्ज (अशा अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून इंजेक्शनची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.