दर्शनी कमान ठेवली, म्हणजे वाडा राहिला का?

प्रश्न : शुक्रवार पेठेत आमचा आजोबांच्या वेळचा दुमजली वाडा आहे. मधे चौक, भोवती सोपे, सागवानी खांब, वर कौलं. आम्हा तिघा भावांत पुनर्विकासाचं चाललंय. बिल्डर म्हणतो, "दर्शनी दगडी कमान तशीच ठेवतो, मागं पाच मजले उठवू. वारसाही राहील, फ्लॅटही मिळतील." थोरल्या भावाला हे पटलंय. माझं मन मानत नाही, पण चुकतंय काय ते नेमकं सांगता येईना. मॅडम, काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या मनाचं ऐका. कमान राहील, वाडा जाईल. वाड्याचा जीव चौकात असतो. उजेड तिथून येतो, तापलेली हवा तिथून वर निघून जाते, कुरडया तिथंच वाळतात आणि घरातलं लग्नही तिथंच लागतं. तीन भावांची बिऱ्हाडं वेगळी असली तरी दिवसातून दहादा एकमेकांसमोर येतात, ती या चौकामुळे. बिल्डरच्या नकाशात त्या जागी बहुतेक लिफ्ट असेल. बघून घ्या.

वारसा भिंतीत असतो तितकाच मोकळ्या जागेतही असतो. आपल्या अंबाबाईचंच बघा. देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुडमंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. आधी चरण, मग वर चढत मुखापर्यंत. वाटेत कुणाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी किंवा वाढवलेला मजला आला, की किरणं अडली. देवळाचा एक दगडही न हलवता किरणोत्सव हरवू शकतो! पेठेतल्या घरांच्या उंचीवरून मी सभांमध्ये भांडते, ती यासाठीच.

शाहू महाराज युरोपात रोमचं जुनं क्रीडागार पाहून आले आणि १९१२ मध्ये त्यांनी खासबाग मैदान उभं केलं. मधे आखाडा, भोवती उतरती बैठक. मधे एकही खांब नाही, त्यामुळे पार मागं बसलेल्यालाही डाव दिसतो. शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर झालं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि संगीत नाटक अशी भिंतीला भिंत लावून ठेवणारं गाव मला तरी दुसरं माहीत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. त्या आगीनं मी अजून अस्वस्थ आहे. 'होतं तसंच बांधा' असं सगळे म्हणाले, मीही म्हणते. पण दर्शनी भाग हुबेहूब जमला की काम झालं, असं मी मानणार नाही. बिनमाइकचं नाट्यपद शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं का, हे मी आधी विचारीन.

नव्याला माझा विरोध नाही. मेजर मँट यांनी आखलेला नवा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला, तेव्हा तोही इथं नवखाच होता. काळ्या घडीव दगडातली ती इमारत आज कोल्हापूरची ओळख आहे.

आता तुमच्या घराचं. भावांची जागेची अडचण खरी आहे, ती नाकारू नका. पुढचा सोपा आणि चौक ठेवून मागच्या परसात दोन-तीन मजले उठवता येतात का, हे जुन्या घरांचं काम केलेल्या आर्किटेक्टला विचारा. फ्लॅट कमी मिळतील, हे थोरल्यांना आधीच सांगा. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, तेही पाहा; परवानग्या त्यावर ठरतात. काही ठरो न ठरो, खांब, तुळया, कोनाड्यांसकट सगळ्या वाड्याची मोजणी करून नकाशा काढून ठेवा.

आणखी एक, कारण शुक्रवार पेठ म्हणजे पंचगंगेच्या पुराचा भाग. पूर ओसरला की ओल झाकायला लोक जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. तो करू नका. चुना-मातीची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटनं ती आत कोंडते आणि भिंतीत गेलेलं लाकूड कुजतं. गिलावा चुन्याचाच हवा. पावसाळ्याआधी सुताराला बोलावून भिंतीत शिरणारी तुळयांची टोकं ठोकून बघायला सांगा. पोकळ आवाज आला तर तेवढाच तुकडा सांधून घेता येतो, अख्खी तुळई काढावी लागत नाही. हा खर्च किती येतो ते कळल्याशिवाय बिल्डरच्या कागदावर सही करू नका.