आजारपणामुळे ५० च्या आत खासगी नोकरी सोडावी लागली तर अपंगत्वाचं पेन्शन मिळतं का? आधी राजीनामा द्यावा की आधी अर्ज?

तुम्ही लिहिलंय: वय ४६, मणक्याचा आजार, एकाच कंपनीत १४ वर्षं झाली, आणि एचआर म्हणतंय की ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा द्या, पेन्शनचं नंतर बघता येईल. असं केलं तर चालेल का आणि साधारण किती मिळेल, हा तुमचा प्रश्न.

राजीनामा अजून दिला नसेल तर त्या शब्दांत अजिबात देऊ नका. ‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांनी माझं दीड वर्ष खाल्लं, आणि ते शब्द माझ्या सख्ख्या भावाने लिहिले होते.

मी एका कारखान्यात टूलरूमला इन्स्पेक्शन करायचो. सप्टेंबर २००० मध्ये लागलो. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायचा, हेच काम. मायक्रोमीटर म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, त्याच्या टोकाची रॅचेट फिरवली की टक टक असा आवाज येतो, तिथे थांबायचं आणि आकडा वाचायचा. २०१६ च्या अखेरीला असं व्हायला लागलं की मी नुसता अंगठा टेकवला तरी रॅचेट वाजायची. मोजायचा भाग एकच, मापं तीन वेगवेगळी. मला वाटलं मायक्रोमीटर बिघडलाय, म्हणून कॅलिब्रेशनला पाठवला. तो ठणठणीत होता. २०१७ मध्ये न्यूरॉलॉजिस्टने पार्किन्सन्स सांगितला. तेव्हा मी ४६ चा होतो, तुमच्याएवढाच.

२०१८ मध्ये कंपनीने मला स्टोअरला टाकलं. बदलीच्या मेमोवर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. हा मेमो लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला आला. स्टोअरला बिनकार्डं, म्हणजे प्रत्येक मालाच्या साठ्याची नोंदकार्डं, लिहायची. या आजारात अक्षर बारीक होत जातं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं होतं. मी लिहिलेला शिल्लक साठा दुसऱ्या पाळीच्या माणसाला वाचता यायचा नाही, तो रॅकमध्ये जाऊन पुन्हा मोजायचा. वर्षभर त्याने तक्रार केली नाही, हे त्याचे उपकार. ऑगस्ट २०१९ मध्ये साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि तुम्हाला जे सांगितलं जातंय तेच मला सांगितलं.

संध्याकाळी दादा घरी आला होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, शाळेत मुख्याध्यापक होता, बाबा गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चालतो. मी म्हटलं, राजीनाम्यात आजाराचा उल्लेख करू या. तो म्हणाला, ‘कशाला? आपल्या घरात कुणी अपंगाचा दाखला काढून हात पसरलेले नाहीत. मानाने बाहेर पड. उद्या पोरीला स्थळं बघायची आहेत.’ मला स्वतःला चार ओळी लिहिता येत नव्हत्या. त्यानेच अर्ज लिहिला, फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात. मी खाली सही केली. बायको तेव्हा काही बोलली नाही, पण तिने मेमो आणि दवाखान्याची सगळी कागदं पिशवीत घालून कपाटात ठेवली.

३१ ऑगस्टला माझी नोकरी संपली. कंपनीने पीएफच्या पोर्टलवर डेट ऑफ एक्झिट भरली आणि कारणाच्या रकान्यात साधं ‘सेसेशन’, म्हणजे नुसतं नोकरी संपली, एवढंच निवडलं. त्याच यादीत ‘पर्मनंट डिसेबलमेंट’ असा वेगळा पर्याय असतो, हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं, माझा १०-डी, म्हणजे पेन्शन मागायचा फॉर्म, परत आला तेव्हा. पीएफवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर कंपनीची नोंद होती की माणूस आपणहून गेला, आणि माझा अर्ज सांगत होता की अंगात काम करण्याची ताकद उरली नाही.

आता नियम. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये, नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर वेगळी तरतूद आहे. एरवी पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, आणि ५० ते ५८ च्या दरम्यान घेतलं तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात. अपंगत्वाच्या पेन्शनला १० वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी हक्क पोचतो. वयाचीही अट नाही, कपात नाही, आणि मिळतं ते आयुष्यभर. दुखापत कामावरच झाली पाहिजे असंही नाही, आजारही चालतो. वैद्यकीय तपासणीत बघायचं असतं ते हे, की अपंगत्व आलं त्या वेळी तुम्ही जे काम करत होतात त्याच कामाला तुम्ही कायमचे आणि पूर्णपणे अयोग्य झालात का.

यातले ‘नोकरीत असताना’ हे शब्द पुन्हा वाचा. आधी की नंतर, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. फॉर्म नोकरी संपल्यावरच भरला जातो, ते ठीक. पण आजाराची कागदं नोकरी संपायच्या आधीच्या तारखांची हवीत, आणि बाहेर पडण्याच्या पत्रात आजाराचं नाव हवं. एचआरला ईमेल करा की अमुक आजारामुळे माझ्या पदाचं काम करणं मला शक्य राहिलेलं नाही, म्हणून सेवा समाप्त करावी आणि पीएफच्या नोंदीत कारण त्याप्रमाणे भरावं. तोंडी बोललेलं कुठेच टिकत नाही.

माझी नोंद दुरुस्त व्हायला जॉइंट डिक्लरेशन लागलं, म्हणजे मी आणि कंपनी दोघांच्या सह्या. कंपनी सही करेना. त्यांना भीती की मी उद्या नुकसानभरपाई मागेन. त्यातच मार्च २०२० चं लॉकडाउन आलं. शेवटी बायकोने तो बदलीचा मेमो घेऊन स्वतः गेट गाठलं. एचआरला नवीन मुलगी आली होती, तिने मेमो वाचला आणि म्हणाली, काकू, हे तर आमच्याच लेटरहेडवर आहे. ऑक्टोबरमध्ये सही झाली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मेडिकल बोर्ड. हा भाग नीट वाचा, कारण मणक्याच्या दुखण्यातही चांगले-वाईट तास असतात. मी सकाळी ८ ची लेव्होडोपाची गोळी घेऊन गेलो होतो. साडेदहाला नंबर लागला, म्हणजे गोळीचा अंमल पुरता चढलेला. डॉक्टर म्हणाले, हात पुढे करा. केले, हात स्थिर. चालून दाखवा. चाललो. त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. बायको उभी राहिली आणि म्हणाली, ‘डॉक्टर, यांना साडेबाराला पुन्हा बघा. यांची खरी अवस्था ती आहे.’ त्या भल्या माणसाने पेन खाली ठेवलं आणि आम्हाला बाहेर बसवलं.

साडेबाराला त्यांनी मला शर्टाचं वरचं बटण काढून पुन्हा लावायला सांगितलं. निघालं. लागेना. बटण काजापर्यंत जायचं, बोट सरकायचं, पुन्हा पहिल्यापासून. किती वेळ गेला माहीत नाही, पण रांगेतले लोक दारातून डोकावायला लागले होते. मग कोऱ्या कागदावर नाव पाच वेळा लिहायला लावलं. पाचवं नाव नव्हतंच, नुसती रेघ होती. तो कागद त्यांनी केसपेपरला टाचला.

म्हणून सांगतो, तपासणीला जाताना गोळी मात्र चुकवू नका, ते धोक्याचं आहे आणि खोटेपणाही आहे. पण तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या की दिवसातून किती तास बसता येतं, किती उभं राहता येतं, औषधाचा अंमल किती वेळ टिकतो. आणि एकटे जाऊ नका. आपण डॉक्टरसमोर सवयीने ‘बरं आहे’ म्हणतो. सोबत असं माणूस न्या जे रात्री तुम्हाला कूस बदलायला मदत करतं.

दाखल्याबद्दल लोकांचा एक मोठा गोंधळ असतो. यूडीआयडी कार्डावरची, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावरची टक्केवारी वेगळी आणि ही तपासणी वेगळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पार्किन्सन्स त्यात आहे, आणि ४० टक्क्यांपासून बहुतेक सवलती सुरू होतात. पण कार्डावर ४० किंवा ६० आले म्हणून पेन्शन मिळत नाही, आणि १०० आले नाहीत म्हणून ते अडतही नाही. पेन्शनला प्रश्न एकच: ते काम जमेल का? माझं काम मायक्रोमीटर आणि बिनकार्डाचं होतं. तुमचं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिवसभर उभं राहायचं किंवा वजन उचलायचं असेल तर बाजू भक्कम. टेबलावरचं असेल तर अवघड जाईल, हेही सांगून ठेवतो.

आता पैसे. सूत्र तुम्हाला ठाऊक असेलच, पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पगार १५,००० पर्यंतच धरतात, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५००. माझी १४ वर्षं जुन्या मर्यादेत आणि ५ नव्या, म्हणून महिना २,३७१ रुपये बसले, थकबाकीसकट. तुमचे तीन हजारांच्या आतबाहेर बसतील. कितीही कमी बसलं तरी १,००० च्या खाली जात नाही.

दादाने आकडा ऐकला आणि म्हणाला, ‘एवढ्याशा पैशांसाठी एवढी वणवण?’ इथे मला राहवत नाही. एवढेसेच आहेत, पण माझे आहेत. १९ वर्षं कंपनीच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के दर महिन्याला त्या खात्यात जात होते, माझ्या कामाच्या जोरावर. दादाला शाळेचं पेन्शन दर महिन्याला येतं, त्याला तो हक्क म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मग माझं पेन्शन म्हणजे हात पसरणं कसं? शरीर ५८ पर्यंत टिकलं तर हक्क आणि ४८ ला थकलं तर भीक, हा कुठला न्याय? दुसरं म्हणजे मी गेल्यावर त्यातलं निम्मं, किमान १,००० रुपये, बायकोला तिच्या हयातभर मिळणार आहे. मानाने बाहेर पडण्याच्या नादात मी ते घालवणार होतो. मुलीचं लग्न २०२२ मध्ये झालं. व्याह्यांना पहिल्याच भेटीत आजार आणि दाखला दोन्ही सांगितलं होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की रात्री झोप लागते का.

तुम्हाला एखादा एजंट सांगेल की ५० पर्यंत थांबा, मग साधं पेन्शन लावून देतो. ती वर्षाला ४ टक्क्यांची कपात आयुष्यभर चिकटते. बोर्डाची खटपट त्याला नको असते, म्हणून तो तसं सांगतो.

ग्रॅच्युइटी तुमची १४ वर्षांची आहे, ती मिळेलच. पाच वर्षं न झालेले कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो, मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट नाही. तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापत असतील तर राजीनाम्याच्या आधी तिकडे जा. ठरावीक दीर्घ आजारांना तिथे पगाराच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. तुमचा आजार त्या यादीत बसतो का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. अपघात विमा असेल तर त्यावर विसंबू नका, आजाराने आलेल्या अपंगत्वाला तो पैसे देत नाही.

हे सगळं खासगी नोकरीचं. सरकारी नोकरीत असाल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि कुणाच्याही सांगण्यावरून स्वेच्छानिवृत्ती घेऊ नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंह खटल्यात, आधीच्या १९९५ च्या कायद्याखाली, पाय गमावलेल्या एका शिपायाच्या बाजूने हेच सांगितलं होतं. खासगीतल्यांना हे संरक्षण नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी वकील नाही. मणक्याचे आजारही सगळे सारखे नसतात. ऑपरेशन व्हायचं असेल तर अपंगत्व ‘कायमचं’ आहे की नाही यावर बोर्ड अडू शकतं, तेव्हा डॉक्टरांचं मत आधी लेखी घ्या. जास्त पगारावर पेन्शनची वर्गणी भरली असेल तर वरचा हिशेबही बदलेल.

राजीनाम्याचा मसुदा केला असेल तर कंपनीचं नाव गाळून खाली टाका, आणि नेमकं काम काय करता तेही लिहा. मी बोलून टाइप करतो, त्यामुळे वेळ लागेल, पण बघून नक्की सांगतो.