डेटाबेस असिस्टंटला जोडायचा की असिस्टंट डेटाबेसशी?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ऑर्किड (संशोधकांना स्वतःचा क्रमांक देणारी नोंदवही), ओपनॲलेक्स (शोधनिबंधांची आणि लेखकांची सूची) यांसारखे संशोधकांचे डेटाबेस एआय कोडिंग असिस्टंटला, म्हणजे सांगितल्यावर प्रोग्राम लिहून देणाऱ्या एआयला, कसे जोडायचे, यावर ते विभागांसाठी मराठी टिपण लिहीत आहेत. 'कनेक्ट'साठी 'जोडणे' घ्यावे की 'संलग्न करणे', 'ला जोडणे' बरोबर की 'शी जोडणे', आणि सर्व्हर, टूल, कॉन्टेक्स्ट, डेटाबेस या शब्दांचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी प्रत्यय घेऊ. दोन्ही रूपे शुद्ध आहेत, अर्थ मात्र एक नाही. अर्जाला दाखला जोडतात, उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडतात, गाडीला जादा डबा जोडतात. 'ला' घेणारी वस्तू मुख्य असते आणि जोडलेली वस्तू तिचा भाग होऊन तिच्याबरोबर जाते. 'शी'चा स्वभाव निराळा. बोलणे, भांडणे, लग्न करणे, तुलना करणे ही 'शी' घेणारी क्रियापदे, आणि त्यांत दोन्ही पक्ष आपापल्या जागी उभे असतात. 'तो तिच्याशी बोलला' म्हणजे संवाद झाला. 'तो तिला बोलला' म्हणजे तिची खरडपट्टी निघाली (मुंबईकडे 'तिला बोलला' म्हणजे नुसते 'तिला सांगितले', पण तो वाद आज नको). कोकण रेल्वेने मुंबई गोव्याशी जोडली, तेव्हा मुंबई होती तिथेच राहिली आणि गोवाही.

'गाव हायवेला जोडले' असेही आपण म्हणतो. पण तिथे गाव फाट्यासारखे मुख्य रस्त्याला येऊन मिळते, हायवे गावाला मिळत नाही. पॅन आणि आधारच्या बाबतीत 'ला' आणि 'शी' दोन्ही ऐकू येतात, कारण त्यांतले मुख्य कोणते हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

आता तुमच्या टिपणातले वाक्य पाहा : 'संशोधकांचा डेटाबेस एआय असिस्टंटला जोडता येतो.' हे वाचून एखादे प्राध्यापक घाबरले, तर दोष 'ला'चा. अर्जाला दाखला जोडावा तसा आपला सगळा तपशील असिस्टंटच्या पोटात गेला, असे ते वाक्य सांगते. प्रत्यक्षात डेटाबेस जागचा हलत नाही. तुम्ही असिस्टंटला म्हणता, 'या ऑर्किड क्रमांकाच्या व्यक्तीची २०२० नंतरची प्रकाशने काढ आणि त्यांची बिबटेक (संदर्भयादीची) फाइल कर.' असिस्टंट मधल्या एका छोट्या प्रोग्रामकडे मागणी देतो, तो प्रोग्राम डेटाबेसच्या एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागण्याच्या ठरलेल्या दाराला) विचारतो, आलेले उत्तर जेसन या ठरीव मांडणीत परत देतो, आणि असिस्टंट त्यावरून फाइल तयार करतो. जेवढे विचारले तेवढेच येते आणि त्या संभाषणापुरते असिस्टंटसमोर राहते. असिस्टंटमागचे एआय मॉडेल दूरच्या कंपनीचे असेल तर आलेला तपशील त्या कंपनीच्या यंत्रापर्यंत पोहोचतो, हे टिपणात लपवू नका. पण अख्खा डेटाबेस गेला असे होत नाही. म्हणून 'असिस्टंट डेटाबेसशी जोडता येतो' असेच लिहा.

'संलग्न करणे' मात्र इथे अजिबात नको. विद्यापीठात संलग्न म्हणजे काय, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या पाटीवर वाचायला मिळते. शिवाय ऑर्किडच्या नोंदीत संशोधक कोणत्या संस्थेत आहे हा रकाना असतो, त्याला तुम्ही मराठीत 'संलग्न संस्था'च म्हणणार. मग 'संलग्न केलेल्या असिस्टंटने संलग्न संस्था शोधली' अशी वाक्ये लिहायची वेळ येईल. 'एकात्मीकरण'ही नको. त्यात पुन्हा दोन वस्तूंची एक झाल्याचा भास आहे, आणि शब्दही असा की वाचणारा पुढच्या ओळीवर उडी मारतो.

हीच अडचण नामांतही आहे. संगणकवाल्यांच्या शब्दांसाठी जे मराठी प्रतिशब्द सहज सुचतात, त्यांतले बरेचसे विद्यापीठात आधीच कामाला लागलेले आहेत. एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वांसाठी खुला केला. असिस्टंट आणि बाहेरची माहिती यांच्यातली देवाणघेवाण कोणत्या रीतीने व्हावी, ते त्यात ठरवून दिले आहे. यातल्या 'कॉन्टेक्स्ट'ला 'संदर्भ' म्हणायचा मोह होतो. पण ज्यांच्यासाठी टिपण लिहिता आहात त्यांच्या लेखी संदर्भ म्हणजे लेखाच्या शेवटची यादी. 'मॉडेल संदर्भ प्रोटोकॉल' वाचून ते संदर्भ देण्याची नवी पद्धत शोधू लागतील, आणि विषयही प्रकाशनांचा असल्याने त्यांना तसे वाटणे साहजिकच. 'टूल'ला 'साधन' म्हणावे, तर इतिहास विभागात साधने म्हणजे मूळ कागदपत्रे. 'असिस्टंट'ला 'सहायक' म्हणावे, तर सहायक प्राध्यापक आणि संशोधन सहायक ही पदे आहेत. 'सहायकाला प्राध्यापकांच्या नोंदी वाचू द्याव्यात' या वाक्यावर तुमच्या आस्थापना विभागातून फोन येईल. (जाता जाता : 'सहायक' किंवा 'साहाय्यक' लिहा. सर्रास दिसणारे 'सहाय्यक' हे दोन्हींची सरमिसळ आहे.)

म्हणून एमसीपी, टूल, असिस्टंट हे शब्द आहेत तसेच ठेवा. 'सर्व्हर'ही ठेवा, फक्त एक ओळ खुलाशाची द्या. सातबारा काढायला गेलेल्या प्रत्येकाला 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य पाठ असते, त्यामुळे शब्द परका नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे कुठेतरी दूर असलेले मोठे यंत्र येते. एमसीपी सर्व्हर म्हणजे वर आलेला तो मधला प्रोग्राम, बऱ्याचदा तुमच्याच लॅपटॉपवर चालणारा आणि काहीशे ओळींचा. तो असिस्टंटला आपल्याकडची टूल्स, म्हणजे आपल्याकडून करून घेता येणारी कामे, सांगतो. प्रत्येक टूलचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला काय पुरवायचे याचा साचा, असे त्याचे स्वरूप असते. कोणते टूल केव्हा वापरायचे हे मॉडेल त्या वर्णनावरूनच ठरवते, त्यामुळे ते चार शब्द विचार करून लिहावे लागतात.

'डेटाबेस'ला 'विदागार' म्हणावे का? मराठी आंतरजालावर 'विदा' बराच रुळला आहे आणि त्याची घडण चांगली आहे. विद् म्हणजे जाणणे, त्याच धातूतून 'विद्वान' आला, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या तज्ज्ञांच्या राष्ट्रीय डेटाबेसचे नावही 'विद्वान'च आहे. तरीही 'विदाचा' की 'विद्याचा' इथे लेखणी अडखळते, आणि दुसऱ्या रूपात 'विद्या' डोकावते. 'डेटाबेसचा' लिहिताना ही कटकट नाही. डेटाबेसला विचारायच्या प्रश्नासाठी 'क्वेरी' मात्र टाळा. हिशेब विभागात 'क्वेरी काढली' म्हणजे हरकत घेतली. त्याऐवजी 'विचारणे' हे साधे क्रियापद आहे, आणि काम नेमके तेच चालले आहे.

क्रियापदांबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण 'जोडले' म्हणून थांबल्याने खरी गोष्ट सांगायची राहून जाते. जोडले म्हणजे वाचू दिले की लिहू दिले? ऑर्किडची सार्वजनिक एपीआय फक्त तेवढेच दाखवते जे संशोधकाने सर्वांसाठी खुले ठेवले आहे. नोंदीतली एकेक बाब सर्वांना, विश्वासातल्या संस्थांना की फक्त स्वतःला दिसावी, हे तो ठरवतो. नोंदीत भर घालायची तर ऑर्किडच्या सदस्य संस्थांना मिळणारी एपीआय लागते आणि त्या संशोधकाची परवानगीही. टिपणात 'वाचण्यापुरते जोडले आहे' एवढे तीन शब्द घातले, तर निम्म्या शंका तिथेच मिटतील.

'संशोधकांचा डेटाबेस' यातल्या 'चा'कडेही पाहा. संशोधकांच्या मालकीचा, की संशोधकांविषयीचा? ऑर्किडमधली नोंद संशोधक स्वतः उघडतो आणि स्वतः सांभाळतो, तेव्हा तिथे 'चा' दोन्ही अर्थांनी शोभतो. ओपनॲलेक्स ही जानेवारी २०२२मध्ये सुरू झालेली, सर्वांना मोफत असलेली सूची. मायक्रोसॉफ्टचा ॲकॅडेमिक ग्राफ हा तसाच डेटाबेस २०२१च्या अखेरीस बंद झाल्यावर पडलेली पोकळी तिने भरली. तिथे लेखक वेगळे करण्याचे काम बव्हंशी प्रोग्राम करतो, आणि मराठी नावे त्याची परीक्षा पाहतात. कधी आडनाव आधी, कधी शेवटी, मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर मधले आणि शेवटचे दोन्ही बदललेले, वर रोमन लिपीत एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे. 'एस. आर. पाटील' एवढ्यावरून कोण कुठले, हे माणसालाही सांगता येत नाही. म्हणून असिस्टंटला नाव देऊन विचारू नये, ऑर्किड क्रमांक देऊन विचारावे. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वार्षिक अहवालासाठी विभागाची प्रकाशने गोळा करताना हे फार महत्त्वाचे, नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी पाटलांचे शोधनिबंध तुमच्या खात्यावर चढतील.

हा ऑर्किड क्रमांक २०१२पासून दिला जातो. त्यात सोळा स्थाने असतात, पण त्याला 'सोळा अंकी' म्हणणे थोडे चुकीचे. शेवटचे स्थान पडताळणीचे असते आणि हिशेब दहा आला तर तिथे अंकाऐवजी एक्स बसतो. सुरुवातीला शून्ये असतात, म्हणून एक्सेलमध्ये तो मजकूर म्हणून साठवावा, संख्या म्हणून नव्हे. त्याचा फुलाशी काही संबंध नाही, हेही एकदा लिहून टाका. ऑर्किड म्हणजे ओपन रिसर्चर अँड कॉन्ट्रिब्युटर आयडी. कुंडीतल्या आणि या ऑर्किडचे देवनागरी लेखन एकच होते, त्याला इलाज नाही.

टिपणातले मुख्य वाक्य मी असे लिहीन : 'कोडिंग असिस्टंट एमसीपी सर्व्हरमार्फत ऑर्किड आणि ओपनॲलेक्सशी जोडता येतो. ही जोडणी फक्त वाचण्यापुरती असते. आपण विचारलेल्या संशोधकाची, सर्वांसाठी खुली असलेली माहिती तो मागवून घेतो.' उदाहरण द्यायचे तर सहकाऱ्याचा क्रमांक वापरू नका. ऑर्किडवाले स्वतः नमुन्यासाठी ००००-०००२-१८२५-००९७ हा क्रमांक वापरतात. तो जोसाया कारबेरी यांचा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९२९पासून चालत आलेल्या थट्टेतले हे काल्पनिक प्राध्यापक, आणि त्यांचा विषय तडा गेलेली मडकी.