हात थरथरत नाही, पण झोप आणि पोट बिघडलंय. हा पार्किन्सन्सच का?

तुम्ही विचारलंय की सासऱ्यांना पार्किन्सन्स सांगितलाय, पण हात थरथरत नाही. नुसते झोपेत ओरडतात, पोट साफ होत नाही. शेजारच्या काकांना मात्र फक्त कंप. मग डॉक्टर चुकले का? चुकले असतीलच असं नाही. सुरुवातीला कंप दहातल्या साधारण सातांनाच असतो. 'कंपवात' या नावानंच सगळा घोळ केलाय.

आमचे आबा गुळव्या. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर तीस हंगाम काढलेले. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का, हे सगळेच बघतात; आबा त्याआधीच नाक वर करून "उतरवा" म्हणायचे. २००९ च्या हंगामात एका रात्री अख्खं आधण करपलं. पोरगा चुलवाणात चिपाडं सारतोय, वाफेत बल्बचा उजेड पोचत नाही, आणि आबा काहिलीपाशीच उभे. खोपटात झोपलेली माणसं करपट वासानं उठून आली, यांना पत्ता नाही. मालक म्हणाला, प्यालाय. आमचे चुलते तात्याही तेच म्हणाले, चार माणसांत. आबांनी जन्मात घोटभर घेतली नव्हती. पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही.

त्याच सुमारास ते झोपेत लाथा झाडायला लागले. स्वप्नात कुणाशी तरी मारामारी. एकदा आईच्या मनगटावर बसली, महिनाभर तिला त्या हातात बांगडी घालता आली नाही. (तात्यांचं निदान: बाहेरचं काहीतरी.) इसबगोल तर रोजचंच. चालताना उजवा हात हलेनासा झाला तो २०१५ ला. न्यूरॉलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, "वास येतो का?" आईला तिथंच रडू फुटलं.

डोपामिनचं सगळ्यांना माहीत असतं: हालचाल नीट ठेवणारं हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरतात. पण अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन मेंदूत त्या एकाच जागी साचत नाही. वासाच्या भागात, मेंदूच्या खोडात, आतड्याच्या नसांतही साचतं. काही संशोधकांच्या मते कुणाचं दुखणं पोटाकडून वर चढतं, कुणाचं मेंदूतच सुरू होतं. म्हणून एकाचं दुसऱ्यासारखं नसतं. मावशीच्या मिस्टरांचं आबांच्या बरोबर उलट: कंप भरपूर, झोप गाढ, वास शाबूत. पण कंपाच्या आधी दोन वर्षं कशातच मन लागेना, आणि पुढं प्रामिपेक्सोलची, म्हणजे पार्किन्सन्सवरचीच गोळी वाढवल्यावर लॉटरीचा नाद लागला. सत्तरीत! डोस उतरवला तसा नाद सुटला.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सननं या दुखण्यावर निबंध लिहिला, त्यात ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असंच म्हटलंय. जिथं खुद्द त्याचंच चुकलं, तिथं तात्यांना काय दोष द्यायचा? मी तरी देते. न कळणं वेगळं आणि चार माणसांत बोलणं वेगळं. हे उत्तर पुतण्या त्यांना पाठवणारच आहे, तर तात्या, आबा त्या रात्री प्यालेले नव्हते.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणाल तर झोप, पोट, लघवी, उभं राहिल्यावर येणारी चक्कर, मन, सगळं कागदावर लिहून न्या. डॉक्टर हातपाय बघतात, बाकीचं आपणच सांगावं लागतं. सासूबाईंचं अंथरूण वेगळं करा, पलंगाच्या कडेला खाली गादी टाका. ते गप्प बसतात म्हणून "जरा हिंमत धरा" असं भाषण देणारा नातेवाईक आला तर चहा पाजून वाटेला लावा.

आणि हो, वास कोविडनंही जातो, बद्धकोष्ठ अर्ध्या गावाला असतं. तेवढ्यावरून स्वतःचं निदान करत बसू नका. मावशीच्या मिस्टरांची गोळीही डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली होती, त्यांनी मनानं एकदम बंद केली नव्हती.