इंटिग्रिनचे ‘शेपूट’ की ‘पुच्छ’?

खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, पेशीला बाहेरच्या आधाराशी बांधून ठेवणार्‍या इंटिग्रिन या ग्राही प्रथिनाचा पेशीच्या आत राहणारा भाग इंग्रजी पुस्तकांत ‘टेल’ म्हणून येतो. मराठीत त्याला ‘शेपूट’ म्हणणे फार घरगुती वाटते, तेव्हा ‘पुच्छ’ म्हणावे काय? माझे उत्तर निःसंशय ‘शेपूट’ असे आहे.

‘पुच्छ’ म्हटले की मराठी वाचकाला धूमकेतू आठवतो. पेशीतील दोर्‍यासारखी लवचीक साखळी त्यातून डोळ्यांपुढे येत नाही. शिवाय या विषयात नावे ठेवणार्‍यांनी साध्या शब्दांना कधी कमी लेखलेले नाही. पेशीच्या आत इंटिग्रिनच्या जोडणीत काम करणारी प्रथिनेच पाहा: टॅलिन हे नाव घोट्याच्या लॅटिन नावावरून आले, व्हिन्क्युलिन बंधनावरून आणि पॅक्सिलिन खुंटीवरून. गोठ्यातले दावे खुंटीला बांधलेले जिने रोज पाहिले आहे, तिला पॅक्सिलिनचे काम निराळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या सीमाभागात मात्र एक सावधगिरी हवी. कन्नडमध्ये शेपटाला ‘बाल’ म्हणतात, आणि मैत्रिणीच्या कन्नड वहीतून टिपण उतरवताना तो शब्द तसाच आला, तर मराठीत त्याचा अर्थ मूल होतो.

आता वचनाचा प्रश्न, जो मला शब्दनिवडीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक इंटिग्रिन ही अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची जोडी असते. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांपासून २४ जोड्या बनतात. जोडीचे डोके बाहेर एकच दिसले, तरी आत शेपटे दोन असतात. म्हणून ‘इंटिग्रिनचे शेपूट’ असे न लिहिता ‘इंटिग्रिनची शेपटे’ किंवा नेमकेपणाने ‘बीटा साखळीचे शेपूट’ असे लिहावे. ‘लाकूड’चे जसे ‘लाकडाला’, तसे ‘शेपूट’चे ‘शेपटाला’ होते. ‘शेपूटला’ हे रूप टाळावे.

‘हत्ती गेला आणि शेपूट राहिले’ या म्हणीमुळे शेपूट म्हणजे मागे उरलेला क्षुल्लक भाग, असे मनात बसले असेल, तर ते येथे काढून टाकले पाहिजे. दोन्ही शेपटे पेशीच्या पटलापाशी एकमेकांना धरून असतात, तोवर बाहेरचे डोके वाकलेले आणि मिटलेले राहते. टॅलिनचे डोके बीटा शेपटातील अस्पॅराजिन, प्रोलिन, कोणतेही एक अमिनो आम्ल आणि टायरोसिन या चौकडीपाशी येऊन बसते आणि पटलालगतच्या भागालाही धरते, तेव्हा ही पकड सुटते, दोन्ही साखळ्यांचे पाय फाकतात आणि बाहेरचे डोके उघडून बाहेरच्या आधाराशी बंध घ्यायला तयार होते. त्याच शेपटावर थोडे पुढे, टोकाकडच्या तशाच दुसर्‍या जागी, किंडलिन हे प्रथिन बसते; फिलॅमिन हे आणखी एक प्रथिन मात्र टॅलिनच्या जागेसाठी स्पर्धा करते. बीटा-३ च्या शेपटात ७५२व्या जागी सेरिनऐवजी प्रोलिन आले, एवढ्या एका बदलाने रक्तपट्टिका (प्लेटलेट) एकमेकींना नीट चिकटत नाहीत आणि रक्तस्रावाचा आजार होतो.

यावरून आणखी एक सूचना करतो. इंग्रजीतील ‘इंटरॅक्शन’साठी सरसकट ‘आंतरक्रिया’ लिहिल्याने नेमके काय घडले ते कळत नाही. टॅलिन शेपटाला चिकटते, फिलॅमिन त्याला अडवते, टायरोसिनवर फॉस्फेट चढले की टॅलिनची पकड ढिली होते, असे क्रियापद वापरून लिहावे.

शेपटे आखूड असल्याने ‘शेपटी’ हे रूपही काही जण सुचवतात, कारण बहुतेकांची लांबी काही डझन अमिनो आम्लांपुरतीच असते. ते मला पटत नाही; बीटा-४ चे शेपूट हजारावर अमिनो आम्लांचे, अगदी मारुतीच्या शेपटासारखे लांबलेले आहे, आणि त्याला ‘शेपटी’ म्हणता येणार नाही.